डाळिंबाची जेली, पेरूचा जॅम आणि सुरकुतलेला मोरावळा

आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत. सांगोल्याच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या डाळिंबांचा रस काढून, त्यात समभाग साखर घालून तासभर आटवला, तरी जेली न होता तपकिरी चिकट पाक उरला. पेरूच्या जॅममध्ये घरातल्या मधुमेहाच्या धास्तीने साखर निम्मी घातली, तर तीन आठवड्यांच्या आत त्यावर बुरशी आली. मोरावळ्यातले आवळे सुरकुतून खारकेसारखे झाले. सोलापूरच्या हवेत हे पदार्थ साधतच नाहीत का, असेही आपण शेवटी विचारले आहे. मी गेली सव्वीस वर्षे याच गावात हे पदार्थ करते आणि शिकवते, त्यामुळे हवेवरचा आरोप मला मान्य नाही. जेलीची कृती आपण तंतोतंत पाळलीत, पण ती आपल्या पातेल्यातल्या फळाची नव्हती. फळात काय आहे आणि काय नाही हे पाहून, जे नाही ते दुसऱ्या फळाकडून मागून आणायचे, एवढे जमले की जेलीचे बहुतेक प्रश्न सुटतात.

जेली केवळ साखरेमुळे गोठते, हा समज आधी बाजूला ठेवावा. फळाच्या पेशींच्या भिंतींत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो आणि फळ पाण्यात उकळले की तो त्या पाण्यात उतरतो. त्याचे लांब धागे एरवी एकमेकांना दूर लोटतात आणि स्वतःभोवती पाणी धरून ठेवतात. भरपूर साखर घातली की ती यांतले पाणी आपल्याकडे ओढून घेते, आणि आंबटपणा पुरेसा असला की धाग्यांचे एकमेकांना लोटणे कमी होते. मग हे धागे जागोजागी जुळून त्यांची जाळी तयार होते व पाक त्या जाळीत अडकून बसतो. याला जेली म्हणायचे. तयार जेलीत पेक्टिन साधारण अर्धा ते एक टक्का, आम्लता सुमारे ३ ते ३.३ पीएच (हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) आणि साखर शेकडा ६५ च्या वर असावी लागते. तिघांपैकी एकजण जरी गैरहजर असला तरी कितीही आटवून उपयोग होत नाही, कारण दीर्घकाळ उकळण्याने मुळात जे थोडेफार पेक्टिन असते तेही तुटून जाते. आपल्या पातेल्यात नेमके हेच घडले.

कैरीचा साखरांबा करताना आपल्या आज्यांना पेक्टिन हा शब्द ठाऊक नव्हता आणि त्यांचे काही अडलेही नाही, कारण कैरीत पेक्टिन व आंबटपणा दोन्ही ठासून भरलेले असतात. पेरू, कवठ आणि आवळा याच घराण्यातले. लाल अंबाडीची मांसल बोंडेही तशीच, शिवाय ती रंगही देतात. डाळिंबाचे घराणे मात्र वेगळे आहे. त्याचे पेक्टिन प्रामुख्याने सालीत असते, आणि साल इतकी कडू व तुरट असते की ती जेलीत घालता येत नाही; रसात पेक्टिन नावापुरतेच उतरते. त्यातून आपल्या जिल्ह्यात सर्वत्र दिसणारा भगवा हा वाण गोड म्हणूनच नावाजलेला आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, इतके हे पीक आपल्या मातीशी जोडलेले आहे. पण खाण्यासाठी जो गुण, तोच जेलीसाठी अवगुण. भगव्याच्या रसात आम्ल साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतच असते. म्हणजे आपण साखर घातलीत, परंतु बाकीचे दोघे आलेच नव्हते.

उपाय सोपा आहे आणि तो हंगामातच दडलेला आहे. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, डाळिंबे थंडीत उतरतात, त्याच सुमारास लक्ष्मी मार्केटात पेरूंच्या पाट्या लागलेल्या असतात. पेरू पाडाला आलेले, दाबल्यावर किंचित दबणारे असे घ्यावेत. थोडे पिकलेले वासासाठी चालतील, मात्र पूर्ण पिकून मऊ झालेल्या पेरूतले पेक्टिन विरघळून निकामी होत गेलेले असते. एक किलो पेरूंच्या पातळ चकत्या करून त्या जेमतेम बुडतील इतके पाणी घालावे, दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकावे आणि मंद आचेवर अर्धा तास शिजू द्यावे. चमच्याने फार ढवळू किंवा चेचू नये. मग हे सगळे दुहेरी मलमलीत बांधून रात्रभर टांगून ठेवावे आणि पाणी आपोआप ठिबकू द्यावे. पिळण्याचा मोह होतो, पण पिळलेल्या पाण्याची जेली गढूळ होते. मलमलीत उरलेला गर वाया जात नाही. पुरणयंत्रातून काढला की बिया वेगळ्या होतात व त्याचा जॅम करता येतो.

मिळालेल्या पाण्यात पेक्टिन किती आहे हे चव घेऊन कळत नाही. त्यासाठी एका काचेच्या वाटीत त्याचा एक चमचा थंड करून घ्यावा, त्यात औषधांच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट दोन चमचे ओतावे, हलकेच हलवून पाच मिनिटे थांबावे. सगळ्याचा एकच घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे आणि पाण्याच्या बरोबरीने साखर घालता येते. दोन-चार सैल गोळे झाले तर पाऊणपट साखर पुरे. नुसते बारीक कण तरंगले, तर साखर घालण्याआधी पाणी आणखी आटवायला हवे. ही परीक्षा शेगडीपासून दूर करावी आणि वाटीतले मिश्रण कोणीही चाखू नये, कारण हे स्पिरिट विषारी असते. आपल्या डाळिंबाच्या रसावर हीच परीक्षा एकदा करून पाहा म्हणजे माझे म्हणणे डोळ्यांनी दिसेल.

डाळिंबाचा रस काढण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. दाणे मिक्सरमध्ये फिरवले की आतली बी फुटते आणि रसाला तुरट कडवटपणा येतो. पांढरा पापुद्रा राहिला तरी तेच होते. दाणे स्वच्छ सोडवून पुरणयंत्रावर किंवा जाड कापडात हाताने दाबून रस काढावा व दोन तास स्थिर ठेवून वरचा निवळ भाग घ्यावा. एक किलो फळांतून मला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर रस मिळतो. तडकलेली फळे बाजारात स्वस्त मिळतात व या कामाला चालतात, मात्र आतले दाणे काळपट किंवा आंबूस वासाचे असले तर ते फळ पूर्ण टाकून द्यावे; सालीवर डाग असणे आणि आत कुज असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता प्रमाण देते. पेरूचे ८०० मिलिलिटर पाणी एकटेच उकळून निम्मे, म्हणजे ४०० मिलिलिटर करावे. हे आटवणे डाळिंबाचा रस घालण्यापूर्वीच उरकायचे, कारण डाळिंबाचा लाल रंग उष्णतेत फार काळ टिकत नाही. आपला पाक तपकिरी झाला तो तासभर उकळल्यामुळेच. पेरूच्या या आटवलेल्या पाण्यात ५०० मिलिलिटर डाळिंबाचा रस, ७०० ग्रॅम साखर आणि दोन रसाळ लिंबांचा गाळलेला रस घालावा. साखर विरघळेपर्यंत आच मंद ठेवावी आणि विरघळल्यानंतर मात्र ती मोठी करून भराभर उकळावे. पसरट, जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे पातेले असेल तर पंधरा ते वीस मिनिटांत काम होते. एका वेळी याहून फार मोठे प्रमाण घेऊ नये, कारण माल जितका जास्त तितका उकळण्याचा वेळ वाढतो आणि रंग व पेक्टिन दोन्ही हातचे जातात. ॲल्युमिनियमचे किंवा लोखंडी भांडे आंबट रसाला लावू नये, लोखंडात तर डाळिंबाचा रंग काळवंडतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आंबटपणा काही अंशी मारतात व लाल रंग निळसर-मळकट होतो, म्हणून पेरू शिजवायला नळाचे किंवा गाळणीयंत्राचे पाणी घ्यावे. आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीची जेली जांभळट झाली, तेव्हा दोष शोधता शोधता आम्ही शेवटी हापशाच्या बादलीपाशी पोचलो.

जेली झाली हे ओळखायचे कसे, यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण येथेच मी स्वतः सपशेल फसले होते. पुस्तकात लिहिलेले असते की तापमान १०५ अंश सेल्सिअसला पोचले की उतरवावे. पहिल्या वर्षी मी नवा तापमापक घेऊन तो आकडा येईपर्यंत ढवळत बसले आणि बारा बाटल्या पेरूची जेली अशी कडक झाली की चमचा वाकावा. कारण नंतर उमगले. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे, जिथे पाणी १०० अंशांना उकळते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे आणि आपल्याकडे पाणी साधारण ९८.५ अंशांनाच उकळते. त्यामुळे जेली १०३ ते १०३.५ अंशांच्या दरम्यान तयार झालेली असते. म्हणून दर वेळी आधी नुसते पाणी उकळून तापमापक काय दाखवतो ते पाहावे आणि त्यात साडेचार ते पाच अंश मिळवावेत. तापमापकाची स्वतःची चूकही त्यातच निघून जाते.

तापमापक नसेल तर वजनकाट्यावर विसंबावे. माझ्या मते घरगुती कामाला याहून विश्वासू साधन नाही. रिकाम्या पातेल्याचे वजन कागदावर लिहून ठेवायचे आणि मिश्रण मधूनमधून पातेल्यासकट तोलायचे. तयार जॅमचे वजन घातलेल्या साखरेच्या दीडपट असावे, असा एक जुना ठोकताळा आहे, पण गोड फळाला तो जसाच्या तसा लावला तर माल जास्त आटतो. डाळिंबाच्या रसात मुळातच शंभरात पंधरा भागांच्या आसपास साखर असते. वरच्या प्रमाणात घातलेली ७०० ग्रॅम साखर आणि दोन्ही फळांची मिळून सुमारे शंभर ग्रॅम धरली, तर एकूण माल १२०० ग्रॅम उरतो तेव्हा साखर शेकडा ६७ च्या आसपास होते, आणि मी तिथे थांबते. दीडपटीच्या हिशेबाने १०५० ग्रॅमपर्यंत आटवले असते तर चिक्कीच झाली असती. शेवटची खात्री म्हणून शीतकपाटात गार केलेल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकलावा. त्यावर सुरकुती पडली की जेली झाली. ही परीक्षा घेताना शेगडी बंद करावी, नाहीतर परीक्षा चालू असतानाच माल पुढे निघून जातो.

एवढे करूनही दुसऱ्या दिवशी जेली सैल वाटली तर घाई करू नका, पूर्ण घट्ट व्हायला कधी कधी चोवीस तास लागतात. उलट घट्ट झालेल्या जेलीला कडेने पाणी सुटू लागले तर लिंबू जास्त झाले असे समजावे. साखरेचे खडे जमू लागले, तर बहुधा आंबटपणा कमी पडलेला असतो. आम्लाबरोबर उकळताना साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतो आणि तोच उरलेल्या साखरेला खडे धरू देत नाही.

आता पेरूच्या जॅमकडे येते. जॅममधील साखरेला आपण गोडीची वस्तू समजतो, तिथेच हिशेब चुकतो. ती पाणी बांधून ठेवते आणि बांधलेले पाणी बुरशीला व किण्वाला (यीस्टला) वापरता येत नाही; जॅम टिकतो तो यामुळे. विकायच्या जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत, असे आपल्याकडील अन्न सुरक्षा मानके सांगतात, त्यामागचे एक कारण हेही आहे. आपण साखर निम्मी केलीत तेव्हा गोडीबरोबर राखणही निम्मी झाली. दुसरी शंका मला बाटलीच्या झाकणाबद्दल आहे. बुरशी वरच्या थरातच आली असे आपण लिहिता. गरम जॅम अर्धवट भरून, कोमट झाल्यावर झाकण लावले तर आतली वाफ झाकणाखाली जमते, तिचे थेंब वरच्या थरावर पडतात आणि तेवढा एक पापुद्रा पातळ होतो. बुरशीला तेवढी फट पुरते. म्हणून धुतलेल्या काचेच्या बाटल्या दहा-पंधरा मिनिटे उकळून कोरड्या कराव्यात, जॅम कढत असतानाच काठाखाली बोटभर जागा सोडून भरावा, काठ पुसून लगेच उकळलेले झाकण लावावे आणि बंद बाटल्या वर इंचभर पाणी राहील अशा बेताने उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात. पातेल्याच्या तळाशी, बाटल्यांखाली, एखादे फडके घालायला विसरू नये, नाहीतर काच तडकते.

बुरशी आलेल्या बाटलीतला वरचा थर काढून खालचा जॅम वापरला, असे ओझरते लिहिले आहे, ते कृपया पुन्हा करू नका. बुरशीचे धागे आणि तिने सोडलेली विषद्रव्ये दिसत नसली तरी खाली उतरलेली असू शकतात. सगळी बाटली टाकून द्यावी. घरात मधुमेही असेल तर कमी साखरेचा जॅम जरूर करा, पण तो शंभर-दीडशे ग्रॅमच्या लहान बाटल्यांत भरून शीतकपाटात ठेवा आणि उघडलेली बाटली दोन-तीन आठवड्यांत संपवा, किंवा साखर न घालता फळांचा गर गोठवून ठेवा. साखरेऐवजी गूळ घातल्याने मधुमेह्याचे भले होते, या समजुतीला आधार नाही. गुळांब्याला गूळ हवाच, पण तो चवीसाठी.

मोरावळ्याचे कारण अगदी वेगळे आहे. आपण आवळे थेट दोनतारी पाकात सोडलेत. दाट पाक फळातले पाणी इतक्या वेगाने बाहेर ओढतो की साखर आत शिरायला वेळच मिळत नाही, आणि फळ आक्रसते. मोरावळ्याला उतावीळपणा चालत नाही. एक किलो मोठे आवळे काट्याने सर्व बाजूंनी खोलवर टोचावेत, तुरटीच्या पाण्यात, म्हणजे लिटरला वीस ग्रॅम तुरटी, रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवावेत आणि उकळत्या पाण्यात पाकळ्या सुटणार नाहीत इतपतच वाफलून घ्यावेत. सव्वा किलो साखरेपैकी निम्मी त्यांच्यावर थरांनी पसरून चोवीस तास झाकून ठेवावे. आवळ्यांना सुटलेल्या पाण्यात साखर विरघळून पातळ पाक तयार होतो. मग आवळे झाऱ्याने काढून तेवढाच पाक उरलेल्या साखरेतला अर्धा वाटा घालून उकळावा, गार झाल्यावर आवळे परत सोडावेत. तिसऱ्या दिवशी बाकीची साखर घालून तसेच करावे. पुढे एक दिवसाआड पाक तेवढा उकळून दाट करत जावे. आवळ्यांनी साखर ओढून घेतली की पाक पुन्हा पातळ होतो. तो तीन-चार दिवस एकतारीहून किंचित दाट असा स्थिर राहिला, की बरणी भरावी. सगळे मिळून आठवडा-दहा दिवस लागतात. आपले सुरकुतलेले आवळे मात्र पुन्हा फुगणार नाहीत; बिया काढून ते किसावेत आणि त्याच पाकात घालून वापरावेत, चव काही वाईट नसते.

आपण जाता जाता सीताफळाचा जॅम कसा करावा हेही विचारले आहे. करू नये. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. बार्शीकडची सीताफळे कितीही स्वस्त मिळाली तरी त्यांचा गर बिया काढून, लिंबाचा थोडा रस घालून गोठवणे एवढेच शहाणपणाचे आहे. केळी, पपई आणि चिकू यांचे जॅम होतात, पण त्यांचा आंबटपणा इतका कमी असतो की पीएच ४.६ च्या वर राहू शकतो, आणि तशा बंद बाटलीत घातक जिवाणू वाढण्याचा धोका असतो. त्यांत किलोला पाच-सहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड चवीसाठी नसून सुरक्षिततेसाठी घालायचे असते.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल आपण म्हणता त्यात थोडे तथ्य आहे, पण ते करण्याबाबत नसून ठेवण्याबाबत आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नीट केलेला जॅम बिघडत नाही, मात्र त्याचा रंग झपाट्याने तपकिरी होतो, आणि डाळिंबाच्या जेलीचा तर दोन महिन्यांत ओळखू न येण्याइतका. पेरू-कवठाच्या बाटल्या आतल्या खोलीत जमिनीलगतच्या फळीवर, कागदात गुंडाळून ठेवल्या तरी चालतात. डाळिंबाची जेली जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास केली तर होळीच्या आत संपवावी, नाहीतर मार्चपासून शीतकपाटात ठेवावी. रंग टिकावा म्हणून बाजारातले पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकवण्याचे रसायन, त्यात घालू नका. ते डाळिंब व जांभळाचा लाल रंग उलट उडवते, आणि पुरेशा साखरेच्या जेलीला परिरक्षकाची गरजही नसते.

राहिला आपला तो तपकिरी पाक. तो टाकू नका. त्याच्या अर्ध्या वजनाइतके आटवलेले पेरूचे पाणी आणि एका लिंबाचा रस घालून पाच-सात मिनिटे जोरात उकळलात तर त्याची जेली होऊ शकेल, मात्र आधी पाव किलोवर करून पाहा. हरवलेला रंग परत येणार नाही. करपट वास असेल तर हा खटाटोप न करता, लिंबू व चिमूटभर काळे मीठ घालून त्याचे सरबत करा.